भरतीची वेळ आणि चिपची वेळ

संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर मोऱ्याला जाणाऱ्या लाँचसाठी रांग लागली आहे. लाँच समोर उभी आहे, इंजीन ठीक आहे, सारंग हजर आहे, आभाळही मोकळे आहे. तरी लाँच सुटत नाही. नवखा प्रवासी चिडतो. रोजचा प्रवासी मात्र शांतपणे सांगतो, "आज पुनव आहे. पलीकडे पाणी नाही."

उरण तालुक्यातल्या मोरा बंदराच्या धक्क्याजवळ गाळ साचतो. उधाणाच्या ओहोटीला तेथील पाणी इतके उतरते की लाँच धक्क्याला लागू शकत नाही. म्हणून घड्याळ काही म्हणत असले तरी पाणी चढेपर्यंत थांबावे लागते. किती थांबायचे, याचा एक ढोबळ हिशेब कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेपाचच्या आसपास. नेमकी कामावरून घरी परतण्याची वेळ!

हा नियम ढोबळ आहे. बंदराबंदराप्रमाणे भरतीची वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून बंदरांसाठी भरती-ओहोटीचे छापील तक्ते असतात. आणि तक्ता हातात असूनही शहाणा सारंग शेवटी प्रत्यक्ष पाण्याकडे पाहतो. ढोबळ नियम, तक्ता आणि प्रत्यक्ष पाणी या तीन पायऱ्या लक्षात ठेवा. आज आपण समुद्राबद्दल नव्हे, तर संगणकातल्या एका छोट्या चिपबद्दल बोलणार आहोत. पण तेथेही याच तीन पायऱ्या चढाव्या लागतात. फरक एवढाच, की मोऱ्याला थांबायचे ते तासांच्या मापाने आणि चिपपाशी थांबायचे ते नॅनोसेकंदांच्या मापाने. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या एका फूटपट्टीएवढे अंतर जातो.

फ्लॅश चिप म्हणजे काय?

वीज गेली तरी माहिती विसरत नाही अशी स्मृती म्हणजे फ्लॅश. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती जगापुढे मांडली. तिचा 'नॅंड' हा दाट रचनेचा आणि म्हणून स्वस्त प्रकार १९८७ साली मांडला गेला. यात प्रत्येक घर हे एक ट्रान्झिस्टर असते आणि त्याच्या पोटात चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक कप्पा असतो. त्या कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ० आणि कप्पा रिकामा असला की १. कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे तेथेच राहतात.

आपल्या शाळांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी 'आकाश २' हा स्वस्त टॅब्लेट संगणक राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाला. पवईची आयआयटी मुंबई ही संस्था त्या प्रकल्पात अग्रभागी होती. त्या यंत्रात फिरणारी चकती नव्हती. सारी माहिती ४ गिगाबाइटच्या फ्लॅशमध्ये राहत असे. आज घरातला इंटरनेटचा राउटर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, मोबाइल फोन, पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचे कार्ड या सगळ्यांत फ्लॅश आहे.

यांत एक भेद मात्र आहे. पेनड्राइव्ह किंवा मोबाइलमधल्या फ्लॅशबरोबर तिचा स्वतःचा छोटा नियंत्रक त्याच वेष्टनात बसवलेला असतो आणि वेळांचा सारा हिशेब तोच पाहतो. अनेक राउटरांत व कारखान्यांतल्या नियंत्रण-यंत्रांत मात्र नुसती, उघडी नॅंड चिप असते. तिची काळजी यंत्राच्या संचालन प्रणालीलाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमलाच घ्यावी लागते. हे काम करणाऱ्या तिच्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. लाँचच्या सारंगाची जी जागा, ती येथे ड्रायव्हरची.

किमान आणि कमाल

नॅंड चिपला पत्ता सांगण्यासाठी वेगळ्या तारा नसतात. आदेश, पत्ता आणि माहिती हे तिन्ही त्याच आठ तारांवरून जातात. जोडीला काही इशाऱ्याच्या तारा असतात: 'आता येतो आहे तो आदेश', 'आता येतो आहे तो पत्ता', 'लिहून घे', 'वाचून दाखव'. आणखी एक तार चिपकडून उलट येते. ती सांगते, 'मी कामात आहे' किंवा 'मी मोकळी आहे'.

एक पान वाचायचे असेल तर नियंत्रक आदेश देतो, पत्ता देतो आणि थांबतो. जुन्या, साध्या प्रकारच्या चिपमध्ये एक पान २०४८ बाइटांचे, अधिक ६४ बाइट जादा, असे २११२ बाइटांचे असते. चिप ते पान आतल्या आत काढून तयार ठेवते. त्याला सुमारे २५ मायक्रोसेकंद लागतात. मग नियंत्रक 'वाचून दाखव' ही तार एकदा खाली आणि एकदा वर करतो. अशा प्रत्येक हेलकाव्याला एक बाइट बाहेर येतो. एका पानासाठी हे २११२ वेळा करायचे.

आता प्रश्न असा, की हेलकावा किती जलद द्यायचा? चिपच्या माहितीपत्रकात याची उत्तरे असतात आणि ती दोन जातींची असतात. 'तार निदान इतका वेळ खाली ठेवा' ही झाली किमान मर्यादा. ती नियंत्रकाने चिपला दिलेली हमी आहे. 'तार खाली गेल्यावर जास्तीत जास्त इतक्या वेळात माझे उत्तर तारांवर येईल' ही झाली कमाल मर्यादा. ती चिपने नियंत्रकाला दिलेली हमी. दोघांनीही आपापला शब्द पाळला तरच व्यवहार जमतो. नवशिक्या माणसाला 'कमाल' म्हणजे गाठायचा पल्ला वाटतो. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा, की तेवढा वेळ जाईपर्यंत उत्तरावर विश्वास ठेवू नका.

सहा वेळापत्रके

पूर्वी प्रत्येक चिपच्या मर्यादा वेगळ्या आणि प्रत्येक चिपसाठी ड्रायव्हरात वेगळी तजवीज, असा प्रकार होता. २००६ साली काही उत्पादकांनी एकत्र येऊन 'ओन्फी' नावाचे प्रमाण ठरवले. त्यात साध्या प्रकारच्या जोडणीसाठी ० ते ५ अशी सहा वेळापत्रके आहेत. वाचनाच्या एका पूर्ण हेलकाव्याला निदान किती नॅनोसेकंद द्यावेत ते असे:

वेळापत्रक ० – १००
वेळापत्रक १ – ५०
वेळापत्रक २ – ३५
वेळापत्रक ३ – ३०
वेळापत्रक ४ – २५
वेळापत्रक ५ – २०

याने फरक किती पडतो? हिशेब सोपा आहे. नववी-दहावीच्या मुलांकडून करून घेता येईल. वेळापत्रक ० ने २११२ बाइटांना २११.२ मायक्रोसेकंद लागतात. त्यात चिपच्या आतल्या तयारीचे २५ मिळवले की २३६.२. वेळापत्रक ५ ने ४२.२४ अधिक २५, म्हणजे ६७.२४ मायक्रोसेकंद. अशी ३२,७६८ पाने, म्हणजे ६४ मेगाबाइट माहिती, वाचायला पहिल्या रीतीने सुमारे ७.७ सेकंद लागतात आणि दुसऱ्या रीतीने सुमारे २.२ सेकंद. हेलकावा पाचपट जलद झाला, पण एकूण काम साडेतीनपटच जलद झाले. असे का, हाही विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा प्रश्न आहे.

चिपलाच विचारा

वीज आल्याबरोबर ड्रायव्हरला समोर कोणती चिप आहे हे ठाऊक नसते. मग सुरुवात कोणत्या वेगाने करायची? येथे पहिली पायरी येते, ढोबळ पण निर्धोक नियमाची. ओन्फीच्या नियमानुसार साध्या जोडणीत प्रत्येक चिपला वेळापत्रक ० समजलेच पाहिजे. म्हणून सर्वांत सावकाश वेगाने ड्रायव्हर चिपला 'भानावर ये' असा आदेश देतो आणि तिची ओळख विचारतो.

दुसरी पायरी तक्त्याची. ओन्फी मानणाऱ्या चिपच्या पोटात कारखान्यातच एक माहितीपान लिहून ठेवलेले असते. पानाचा आकार किती, पाने किती, कोणकोणती वेळापत्रके झेपतात, हे सारे त्या २५६ बाइटांत असते. हेच पान वाचण्यात चूक झाली तर? त्यासाठी पानाच्या निदान तीन प्रती ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या शेवटी ताळा असतो, आपण गुणाकाराचा ताळा पाहतो तसा. पहिल्या प्रतीचा ताळा जमला नाही तर दुसरी वाचायची, नाही तर तिसरी. तिन्ही बिघडलेल्या असतील तर लिनक्स ही प्रणाली आणखी एक युक्ती करते. तिन्ही प्रती शेजारी ठेवून प्रत्येक बिटासाठी बहुमत घेते आणि तयार झालेल्या पानाचा ताळा पुन्हा पाहते.

यानंतर ड्रायव्हर दोघांनाही झेपेल असे सर्वांत जलद वेळापत्रक निवडतो. चिपला ५ झेपते, पण नियंत्रकाला ३ च्या पुढे जमत नाही, तर निवड ३ ची. तिसरी पायरी प्रत्यक्ष पाणी पाहण्याची. निवडलेले वेळापत्रक चिपला कळवायचे, नियंत्रकात भरायचे आणि मग चिपला विचारायचे, 'तू आता कोणत्या वेळापत्रकावर आहेस?' उत्तर जुळले नाही, तर निमूटपणे वेळापत्रक ० वर परत यायचे.

प्रत्येक चिप ओन्फी मानते असे नाही. अशा वेळी ड्रायव्हर आपल्याजवळच्या यादीत त्या चिपची ओळख शोधतो. तेथेही ती सापडली नाही, तर सावकाश चालणे हेच शहाणपण.

नॅनोसेकंदांचे ठोके

चिपचे पत्रक नॅनोसेकंदांत बोलते. नियंत्रकाला मात्र फक्त स्वतःच्या घड्याळाचे ठोके मोजता येतात. घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे असेल तर एक ठोका १० नॅनोसेकंदांचा. वेळापत्रक ४ म्हणते, की वाचनाची तार निदान १२ नॅनोसेकंद खाली आणि निदान १० नॅनोसेकंद वर ठेवा. बारा नॅनोसेकंदांचे ठोके किती? गणितात १.२. शाळेत आपण शिकवतो, की .५ पेक्षा कमी असेल तर सोडून द्या, म्हणजे उत्तर १. येथे तो नियम घातक आहे! एक ठोका म्हणजे १० नॅनोसेकंद, आणि चिपने तर निदान १२ मागितले आहेत. म्हणून किमान मर्यादा नेहमी वरच्या पूर्णांकाकडेच न्यायची: २ ठोके. पन्नास मुलांना सहलीला न्यायचे आणि एका गाडीत चाळीसच बसतात, तर १.२५ गाडीचे उत्तर १ येत नाही, २ येते. तसेच हे. दोन ठोके खाली आणि एक वर, असा हेलकावा ३० नॅनोसेकंदांचा झाला. वेळापत्रक ३ ची मागणीही तेवढीच होती. म्हणजे या घड्याळावर ३ आणि ४ यांत वेगाचा फरकच उरला नाही.

लिनक्समध्ये चिपच्या या मर्यादा पिकोसेकंदांत, म्हणजे नॅनोसेकंदाच्याही हजाराव्या भागात लिहिलेल्या असतात. इतक्या सूक्ष्म वेळा कोणी मोजतो म्हणून नव्हे. प्रणालीचे गाभ्यातले काम पूर्णांकांतच चालते. साडेबारा नॅनोसेकंद लिहिण्यापेक्षा १२,५०० पिकोसेकंद लिहिले की अपूर्णांकाची कटकटच राहत नाही. आपण रुपयांऐवजी पैशांत हिशेब करतो, तीच युक्ती.

आता वेळापत्रक ५ पाहा. तार १० नॅनोसेकंद खाली ठेवली तरी चालते. पण चिपचे उत्तर येण्याची कमाल मर्यादा आहे १६ नॅनोसेकंद. तार वर जाताना नियंत्रकाने उत्तर टिपले तर तो १० व्या नॅनोसेकंदाला टिपेल, आणि उत्तर तर अजून वाटेत असेल! मग हे वेळापत्रक वापरायचे कसे? उपाय असा, की उत्तर थोडे उशिरा, तार पुढच्या वेळी खाली जाते त्या क्षणी टिपायचे. चिप आपले उत्तर तोवर तारांवर धरून ठेवते. वेळापत्रक ४ आणि ५ साठी नियंत्रकाला ही रीत येत असली पाहिजे.

आणखी एक खाचखळगा आहे. समजा, पुढे कोणी त्याच यंत्राचे घड्याळ १०० वरून २०० मेगाहर्ट्झ केले, पण ठोक्यांची संख्या बदलली नाही. तीन ठोके आता ३० नव्हे, १५ नॅनोसेकंदांचे झाले. ते तर कोणत्याच वेळापत्रकात बसत नाहीत. ड्रायव्हरातला एक अंकही बदललेला नाही आणि तरी तो चुकीचा ठरला. म्हणून ड्रायव्हरात ठोक्यांची तयार संख्या लिहून ठेवू नये. चालू घड्याळ विचारून ती दर वेळी काढावी.

उभी दिसली म्हणजे निघाली का?

चिपकडून येणारी 'मी मोकळी आहे' ही तार फार उपयोगी, पण तीही फसवू शकते. वाचनाचा आदेश मिळाल्यावर ती तार 'मी कामात आहे' असे सांगायला लागेपर्यंत काही काळ जातो. वेळापत्रक ० मध्ये जास्तीत जास्त २०० नॅनोसेकंद, पुढच्यांत १००. उतावळा ड्रायव्हर आदेश देताक्षणी तार पाहतो. ती अजून 'मोकळी' म्हणत असते, कारण चिपने कामाला सुरुवातच केलेली नसते. ड्रायव्हरला वाटते काम झाले. तो वाचू लागतो आणि त्याला भलतेच काही मिळते. फळ्यावर प्रश्न लिहून होण्याआधीच वर्ग शांत आहे, याचा अर्थ सर्वांचे उत्तर लिहून झाले असा होत नाही!

लपलेली चूक

येथे वाचक विचारतील, की वेळ चुकली तर यंत्र लगेच बंद पडेल, मग चूक सापडायला किती उशीर? खरी गोम येथेच आहे. बहुतेक वेळा यंत्र बंद पडत नाही.

माहितीपत्रकातल्या मर्यादा ठरलेल्या पूर्ण तापमान-पट्ट्यासाठी आणि विद्युतदाबाच्या चढउतारासाठी दिलेल्या असतात. त्यामुळे टेबलावर, पंख्याखाली, नव्या चिपवर मर्यादा थोडी मोडली तरी काम बिनबोभाट चालते. मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, विजेचा दाब कमी असताना तेच यंत्र अडखळते. मोऱ्याची लाँच भांगाच्या ओहोटीत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कदाचित धक्क्याला लागेल. त्यावरून पौर्णिमेलाही लागेल असे ठरवणारा सारंग गाळात रुतेल.

दुसरे असे, की फ्लॅशमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय मुळातच असते. पानाचे ते ६४ जादा बाइट त्यासाठीच. जुन्या साध्या चिपमध्ये साधारण ५१२ बाइटांमागे एक चुकलेला बिट दुरुस्त करता येईल एवढी तजवीज ठेवतात. ही तजवीज घरे झिजून होणाऱ्या चुकांसाठी आहे. कारण लिहून-पुसून ती घरे कालांतराने झिजतातच. वेळ चुकल्यामुळे अधूनमधून एखादा बिट बदलला तर तोही याच सोयीतून गुपचूप दुरुस्त होतो. कोणाला काही कळत नाही. पण म्हातारपणासाठी ठेवलेली शिल्लक तरुणपणीच खर्च होत असते. दोन-तीन वर्षांनी घरे झिजू लागली की त्याच पाचशे बारा बाइटांत दुसरा बिट चुकतो आणि दुरुस्ती थकते. तेव्हा नाव चिपचे घेतले जाते, ड्रायव्हरचे नाही.

यापुढचे नुकसान तर भरून न येणारे आहे. नवी चिप येते तीच काही खराब ठोकळे घेऊन. ठोकळा म्हणजे एकदम पुसला जाणारा पानांचा गठ्ठा. कोणता ठोकळा खराब, याची खूण कारखान्यात त्याच ठोकळ्यात केलेली असते. चुकीच्या वेगाने वाचणाऱ्या ड्रायव्हरला ही खूण दिसलीच नाही आणि त्याने तो ठोकळा पुसला, तर खूण कायमची गेली. उलट, चांगल्या ठोकळ्यावर वाचनाची चूक झाली तर तो 'खराब' ठरवून प्रणाली त्यावर काट मारते. पुढे वेळा सुधारल्या तरी ती काट आपोआप निघत नाही. ज्या यंत्रात मुलांची वर्षभराची टिपणे, गुण किंवा हजेरी साठवलेली आहे, त्यात ही चूक म्हणजे मुलांच्या श्रमांचीच चूक होय.

वर्गात करून पाहा

दोन विद्यार्थी समोरासमोर उभे करा. एकाला 'चिप' म्हणा. त्याच्या हाती क्रमांक घातलेल्या ५० दोनअंकी संख्यांची यादी आणि पाटी द्या. दुसरा 'नियंत्रक', त्याच्याकडे वही. शिक्षकांनी ठरावीक लयीत टाळ्या वाजवाव्यात. एका टाळीला नियंत्रकाने क्रमांक विचारायचा, पुढच्या टाळीला पाटीवर जे दिसेल तेच लिहायचे. पाटी कोरी असली तरी थांबायचे नाही!

सावकाश लयीत सर्व संख्या बरोबर येतात. लय हळूहळू वाढवा. एका वेगानंतर कोऱ्या किंवा आधीच्याच संख्या वहीत येऊ लागतील. तो वेग नोंदवा. मग चिप बनलेला विद्यार्थी बदलून पाहा. वेग तोच ठेवला तर कोणाला झेपेल, कोणाला नाही. शेवटी त्याच वेगाला नियम बदला: चिपने पाटी पुढचे उत्तर लिहीपर्यंत धरून ठेवायची आणि नियंत्रकाने उत्तर एक टाळी उशिरा टिपायचे. चुका कमी होतात का ते मुलांनाच मोजू द्या. वेळापत्रक ५ ची युक्ती त्यांना न सांगता समजेल.

प्रयोग संपला की एक प्रश्न जरूर विचारा. सर्वांत हुशार 'चिप'ला जमलेला वेग संपूर्ण वर्गासाठी ठरवावा का? पौर्णिमेच्या संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर थांबलेल्या सारंगाला त्याचे उत्तर ठाऊक असते. लाँच किती जोरात पळते हे त्याला कोणी विचारत नाही. पलीकडे पाणी किती आहे, एवढेच तो पाहतो.